स्थूलांगी वधू आणि छायाचित्रकला

लग्नसमारंभ आटोपतो, पाहुणे आपापल्या गांवीं परततात, पक्वान्नांची चव महिन्याभरांत विसरली जाते. मागें उरतें तें छायाचित्रांचें पुस्तक. पुढें पन्नास वर्षें घरांतील लहानथोर तेंच चाळून त्या दिवसाची आठवण ताजी करितात. परंतु त्या पुस्तकांत स्वतःस पाहतांना जिचें मन खट्टू व्हावें अशीहि वधू एखाद्या घरांत असते, याचा विचार आपण क्वचितच करितों.

गेल्या हिवाळ्यांत जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें आमच्या नात्यांतील एका मुलीचें लग्न होतें. अंबड तालुक्यांतील हें खेडें २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळें साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें, आणि त्या दिवसांत कॅमेऱ्यांची येथें एकच दाटी झाली. त्यामुळें फोटोचें नवल या गांवास उरलेलें नाहीं. वधू सुशिक्षित, हंसतमुख, पण अंगानें भरलेली. हळदीच्या संध्याकाळीं ती आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाली, "आजोबा, फोटोवाल्यांना तुम्हीच सांगा ना, माझे फोटो मानेपर्यंतच काढा. आणि सगळ्यांबरोबरच्या फोटोंत मला मागच्या रांगेंत उभी करा."

स्वतःच्याच लग्नांत वधूनें मागच्या रांगेंत उभें राहावयाचें! तिचे हे शब्द ऐकून आम्हांस आमचाच एक जुना अपराध आठवला. चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नांत फोटोग्राफरास आम्हीं चार मंडळींदेखत विचारलें होतें, "आमची ताई मावेल एवढा कागद आणला आहे ना?" सारे हंसले, तीहि हंसली. ती आतां या जगांत नाहीं. तिच्या मागें तें पुस्तक चाळतांना आम्हांस प्रथमच दिसून आलें कीं, एकाहि चित्रांत ती पुरती उभी नाहीं. कोठें वहिनीच्या खांद्याआड, कोठें शेल्याच्या घडीआड, तर कोठें नुसताच चेहरा. ती थट्टा आम्ही विसरलों होतों. ती विसरली नव्हती.

म्हणून त्या रात्रीं आम्हीं छायाचित्रकारास ओसरीवर बोलावून घेतलें. तरुण मुलगा, पण धंद्यांत मुरलेला. त्यानें जें सांगितलें त्यांतील बरेंचसें आपल्या जुन्या शास्त्रांतहि आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत देहाचीं नऊ स्थानें सांगितलीं आहेत. त्यांतील पहिलें 'ऋज्वागत', म्हणजे सरळ समोरून पाहिलेलें. त्यांत देहाची सारी रुंदी दिसते; आणि आपले हौशी फोटोवाले नेमके हेंच स्थान धरून बसतात. देह वळला कीं दूर गेलेला भाग लहान व जवळचा मोठा दिसतो. त्यास शास्त्रकार 'क्षय' व 'वृद्धि' म्हणतात. अजिंठ्याच्या भिंतींवरील अनेक स्त्रिया पाहाव्या: मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, भार एका पायावर. उभें राहण्याची ही रीत आपल्याकडे कांहीं नवी नव्हे.

त्या मुलाशीं झालेल्या बोलण्याचें सार असें. वधूनें देह थोडा तिरपा ठेवून मुख तेवढें कॅमेऱ्याकडे वळवावें व भार मागच्या पायावर द्यावा. दंड अंगास चिकटला कीं चपटा होऊन रुंद दिसतो. म्हणून कोपर किंचित् दूर ठेवावें, म्हणजे हात व कंबर यांमधून उजेड दिसतो आणि कंबरेचा आकार स्पष्ट होतो. रिकामे हात अवघडतात. त्यांत वरमाला द्यावी किंवा पदराचें टोंक द्यावें. मान उंच करून हनुवटी थोडी पुढें आणून मग खालीं घ्यावी. ती मागें ओढली तर गळ्यास वळी पडते.

कॅमेरा वधूच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित् वर असावा. खालून घेतलेल्या चित्रांत पोट व हनुवटी हीं मोठीं दिसतात. फार जवळ येऊन रुंद दृष्टीच्या भिंगानें चित्र घेतल्यास जवळचा अवयव अवास्तव वाढतो. त्यापेक्षां आठदहा फूट मागें सरून लांब पल्ल्याचें भिंग वापरावें. तोंडावर सरळ झगझगीत प्रकाश टाकला तर चेहरा पसरट दिसतो. खिडकीचा किंवा ओसरीचा बाजूनें येणारा उजेड त्यास उठाव देतो.

खरी अडचण होमाच्या वेळीं येते. वधू पाटावर बसलेली, आणि फोटोवाले समोर उभे. मग गुडघे व मांडीच चित्र व्यापतात. त्यांनींच बाजूस जमिनीवर बैठक मारावी. वधूनें पाठ ताठ ठेवावी, पण श्वास कोंडून पोट आंत ओढूं नये. तो ताण मुखावर उमटतो. चोळीची बाही दंडास काचणारी नसावी.

आणखी एक गोष्ट. मराठवाडा निझामाच्या राज्यांत असतांना, १८९२ सालीं, राजा दीनदयाळ यांनीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ उघडला व त्याचें काम एका इंग्रज बाईकडे सोंपविलें. परक्या नजरेपुढें अवघडलेल्या स्त्रीचें चित्र चांगलें येत नाहीं, हें त्या चतुर पुरुषानें ओळखलें होतें. आज पडदा गेला, पण नजर गेली नाहीं. आणि ती बहुधा घरच्यांचीच असते.

आमच्याच काव्यपरंपरेंत भरलेला देह म्हणजे दोष नव्हता. मेघदूतांतील यक्षपत्नीस कालिदासानें नितंबभारामुळें मंद चालणारी म्हटलें, तें सौंदर्य म्हणूनच; तिची कंबर मात्र त्यानेंहि बारीकच ठेवली, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आपण त्याहून थोडें पुढें जावें. हल्लीं संगणकावर कंबर कापून देण्याची सोय आहे. तसें करूं नये. उभें राहण्याच्या युक्तीनें आहे तें रूप खुलतें. कापलेलें रूप पाहून मुलीला एवढेंच कळतें कीं, आहे तशी मी कोणास नको होतें.

दुसऱ्या दिवशीं अंतरपाट दूर झाला तेव्हां तो मुलगा घाईनें जवळ आला नाहीं. बाजूस, योग्य अंतरावर थांबला. सर्वांच्या चित्रांत वधूवर मध्यभागीं, पुढच्या रांगेंत उभीं राहिलीं, आणि तिला मागें उभी करण्याची गोष्ट कोणी काढली नाहीं. महिन्यानें पुस्तक आलें. त्यांतील एक चित्र तिनें स्वतः निवडून सासरीं बैठकींत लावलें आहे. नखशिखांत उभी आहे, हातांत हार आहे, आणि हंसते आहे.

आमच्या ताईचें तसें एकहि चित्र आमच्या घरांत नाहीं. ज्यांच्या घरीं यंदा लग्न आहे त्यांनीं फोटोवाल्यांस सूचना देण्याआधीं स्वतःच्या जिभेस एक सूचना द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.