पोस्टरच्या तळाशी ती बारीक अक्षरं का असतात? आणि घरच्या पोस्टरवर ती खरी कशी वाटतील?

लग्नाचं 'सेव्ह द डेट' असो, कॉलेजची शॉर्टफिल्म असो की मित्राच्या वाढदिवसाचं स्टेटस, हल्ली सगळ्यांनाच सिनेमासारखं पोस्टर हवं असतं. फोटो छान असतो, नाव ठळक असतं, मागे धूरही सोडलेला असतो. तरी ते चौकातल्या फ्लेक्ससारखंच का दिसतं? बहुतेकदा एकच गोष्ट राहिलेली असते. तळाशी उंच, अरुंद अक्षरांत दाटीवाटीने लिहिलेल्या तीन-चार ओळी. हॉलिवूडमध्ये त्यांना 'बिलिंग ब्लॉक' म्हणतात, आपल्याकडे 'क्रेडिट ब्लॉक' किंवा नुसतं 'क्रेडिट्स'.

त्या ओळी वाचायला सहसा कुणी थांबत नाही. पण त्या नसल्या की डोळ्याला खटकतं, आणि चुकीच्या असल्या की जास्तच खटकतं. म्हणून नुसता फॉन्ट डाउनलोड करून भागत नाही. या ओळी आल्या कुठून ते आधी पाहू.

सजावट नव्हे, करार

हॉलिवूडमध्ये या ओळी डिझायनरच्या मर्जीवर नसतात. दिग्दर्शक, लेखक, कलाकार यांच्या संघटनांचे नियम आणि प्रत्येकाचा स्वतंत्र करार यांतून ठरतं की कुणाचं नाव येणार, कितव्या क्रमांकावर येणार आणि केवढ्या अक्षरांत येणार. अक्षरांचा आकार बहुधा सिनेमाच्या नावाच्या आकाराशी बांधलेला असतो, म्हणजे त्याच्या अमुक टक्के. इथे डिझायनरांनी पळवाट काढली. अक्षराची उंची करारात बसेल एवढी ठेवायची आणि रुंदी मात्र जमेल तितकी आवळायची. त्या काडीसारख्या अक्षरांचं गुपित हेच. नियमही पाळला जातो आणि नायकाचा चेहराही झाकला जात नाही.

नावावरून किती ताणलं जातं, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७४चा 'द टॉवरिंग इन्फर्नो'. स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघांनाही पहिलं स्थान हवं होतं. तोडगा असा निघाला की मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण थोडं वर. डावीकडून वाचलं तर एक पहिला, वरून वाचलं तर दुसरा! लग्नपत्रिकेत काकांचं नाव आधी की मामांचं, यावरून अबोला धरलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे नवं वाटणार नाही.

आपल्याकडचा किस्सा आणखी बोलका आहे. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरांवर लेखकांचं नाव नव्हतं. सलीम-जावेद यांनी रंगारी गाठला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं. घाईत ते कुठे कलाकाराच्या चेहऱ्यावरही उमटलं म्हणतात. पुढे याच जोडीचं नाव पोस्टरवर दिमाखात झळकायला लागलं.

क्रम कसा लावायचा?

सुरुवात 'अमुक प्रस्तुत'ने होते, मग निर्मिती संस्था, मग प्रमुख कलाकार आणि त्यांच्या पाठोपाठ सिनेमाचं नाव पुन्हा एकदा. हे नाव बरेचजण विसरतात, कारण ते वर मोठ्या अक्षरांत आलेलंच असतं. त्यानंतर तंत्रज्ञ: संगीत, वेशभूषा, संकलन, कला दिग्दर्शन, छायाचित्रण. मग कार्यकारी निर्माते आणि निर्माते, मग कथा-पटकथा. दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. शेवटची जागा मानाची, म्हणून दिग्दर्शकाचं नाव मध्येच कुठे आलं की जाणकार लगेच ओळखतो. मधल्या तंत्रज्ञांचा क्रम सिनेमागणिक थोडा बदलतो, त्याचं फार टेन्शन घेऊ नका.

इंग्रजीत ब्लॉक करणार असाल तर एक बारकावा. अमेरिकी लेखक संघटनेच्या नियमानुसार दोन लेखकांच्या नावांमध्ये '&' हे चिन्ह असेल तर दोघांनी जोडीने लिहिलं, आणि 'अँड' हा शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहिलं, असा अर्थ होतो. तुमचं मित्रमंडळ एकत्र बसून लिहित असेल तर चिन्ह वापरा.

घरच्या पोस्टरसाठी माणसं कमी पडतात, तेव्हा लोक एकच नाव आठ वेळा टाकतात किंवा मनाने नावं बनवतात. दोन्ही पटकन कळतं. त्याऐवजी कामं जोडा: 'लेखन, संकलन व दिग्दर्शन' आणि पुढे एकच नाव. दोनच ओळी झाल्या तरी चालतील. लग्नाच्या पोस्टरला तर खरी माणसं भरपूर असतात. निर्माते आई-बाबा, छायाचित्रण फोटोग्राफरचं, वेशभूषा ब्लाउज वेळेत देणाऱ्या टेलरची, संगीत बँजो पार्टीचं, आणि ज्या आत्याने स्थळ आणलं तिच्या नावापुढे 'मूळ कथा'. हे वाचायला लोक झूम करतात, हा अनुभव घेऊन बघा.

आणि तुमचं पोस्टर नुसती उत्सुकता वाढवण्यासाठी असेल, तर ब्लॉक लावूच नका. खऱ्या टीझर पोस्टरवरही तो बहुधा नसतो. नाव, तारीख, संपलं.

देवनागरीत गाडी कुठे अडते?

रोमन लिपीचं काम सोपं आहे. 'स्टील टाँग्ज' नावाचा फॉन्ट खास यासाठीच बनवलेला आहे. मोठ्या लिपीत नाव टाइप होतं आणि लहान लिपीतलं एकेक अक्षर दाबलं की 'डायरेक्टेड बाय'सारखे तयार शब्द उमटतात. वापरण्याआधी त्याचा परवाना मात्र वाचून घ्या.

तीच युक्ती देवनागरीत चालत नाही, आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाहीच. म्हणून बऱ्याच मराठी पोस्टरांवर सिनेमाचं नाव देवनागरीत आणि खालचा ब्लॉक रोमनमध्ये दिसतो. पण ब्लॉकही मराठीत छान होतो. तीन गोष्टी सांभाळा.

साधा फॉन्ट आडवा दाबून अरुंद करू नका. उभ्या काड्या बारीक होतात, आडवी शिरोरेषा जाडच राहते आणि 'क्ष', 'त्त्व'सारखी जोडाक्षरं गुदमरतात. मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. गूगल फॉन्ट्सवर 'खंड', 'तेको', 'प्रगती नॅरो' मोफत आहेत. माझी पसंती 'अनेक देवनागरी'ला, कारण त्यात रुंदी आणि जाडी दोन्ही कमी-जास्त करता येतात. कामाचं नाव बारीक वजनात आणि माणसाचं नाव जाड वजनात ठेवा, लहान-मोठ्या लिपीची उणीव भरून निघते. आकार लहान-मोठा करून हेच साधायला गेलात तर शिरोरेषा वर-खाली होऊन ओळ दातेरी दिसते.

दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही. रोमनमध्ये ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते.

तिसरं, ओळींमधली जागा. रोमन मोठ्या लिपीत खाली-वर काही लोंबत नाही, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. अक्षराच्या आकाराच्या सव्वा ते दीडपट अंतर ठेवा.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जात असेल तर दोष तुमच्या टायपिंगचा नाही. जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो.

रंग पांढराफटक नको. पोस्टरमधलाच एखादा फिका रंग उचला आणि थोडा पारदर्शक करा. पट्टी मधोमध, पोस्टरच्या रुंदीच्या साधारण ८० ते ९० टक्के. ती उठून दिसत असेल तर मोठी झाली आहे.

काय टाकायचं नाही

खऱ्या पोस्टरवर काही नावांपुढे 'ए.एस.सी.' किंवा 'पी.जी.ए.' अशी अक्षरं असतात. पहिली अमेरिकेतल्या सिनेमॅटोग्राफरांच्या संस्थेचं सदस्यत्व दाखवतात, दुसरी निर्मात्यांच्या संघटनेने त्या चित्रपटापुरतं दिलेलं प्रमाणचिन्ह आहे. शोभेसाठी ती चिकटवू नका. सेन्सॉरच्या 'यूए १६+'सारख्या खुणेचं आणि डॉल्बीच्या लोगोचंही तेच. प्रमाणपत्र बोर्ड सिनेमा पाहून देतं, आणि लोगो कंपनीच्या मालकीचा असतो.

याहून जपायची गोष्ट म्हणजे खऱ्या नटांची नावं. आवडत्या हिरोचं फॅन पोस्टर करून त्याखाली खऱ्या निर्मात्याचं नाव आणि प्रदर्शनाची तारीख टाकली, की ते दोन फॉरवर्डनंतर 'अधिकृत घोषणा' होऊन फिरतं. लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत, तो कुणीही एडिट करतो. तळाच्या ओळी पाहून त्यांना खात्री पटते. म्हणून अशा पोस्टरवर, त्याच ब्लॉकमध्ये, त्याच आकारात 'चाहत्याने बनवलेलं काल्पनिक पोस्टर' असं लिहा. कोपऱ्यात लिहिलं तर कुणीतरी ते कापतंच.

कापण्यावरून आठवलं. हॉलिवूडचं पोस्टर २७ बाय ४० इंचांचं असतं, म्हणजे मोबाइलच्या हिशेबात १०८० बाय १६०० पिक्सेल. ते ४:५ आकारात पोस्ट केलं तर उंची १३५० उरते आणि वर-खाली १२५-१२५ पिक्सेल जातात. नेमका ब्लॉकच कापला जातो. इन्स्टासाठी वेगळी प्रत करा आणि ब्लॉक वर सरकवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरांचा लगदा होतो. पाठवण्याआधी नुसता मजकूर ग्रुपवर टाकून प्रत्येकाला आपलं नाव तपासायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाव ज्याचं त्यालाच सगळ्यात आधी दिसतं.