विंडोज पुन्हा टाकताना हिशेबाची वही सांभाळा

दुकानातला संगणक मंदावतो, मध्येच बंद पडतो किंवा त्यात व्हायरस शिरतो. मग दुरुस्ती करणारा मुलगा येतो, दहा मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "चाचा, फॉरमॅट मारावे लागेल." चाचा विचारतात, "हिशेब जाणार नाहीत ना?" तो म्हणतो, "डी ड्राइव्हला हात लावत नाही." बहुतेक ठिकाणी एवढ्याच बोलण्यावर काम सुरू होते. संध्याकाळी संगणक नव्यासारखा पळू लागतो, पण टॅली उघडल्यावर कंपनीचे नाव दिसत नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक दुकानांत विंडोज नव्याने टाकण्याची वेळ आली. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी हे काम नीट समजून घेणे गरजेचे आहे. विंडोज पुन्हा मिळते. ज्या संगणकावर ती एकदा रीतसर चालू झाली आहे, त्यावर तीच आवृत्ती टाकली तर बहुधा परवान्याचा क्रमांकही विचारला जात नाही. उधारीची खाती, मालाचे स्टॉक, गिऱ्हाइकांची मापे आणि नक्षीचे डिझाइन मात्र कोणत्याही कंपनीकडून परत मिळत नाहीत. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. "संगणक फॉरमॅट झाला" हे त्यावर उत्तर होत नाही.

माल कुठे ठेवला आहे?

आपला माल कोणत्या गोदामात आहे हे व्यापाऱ्याला झोपेतही सांगता येते. आपला हिशेब संगणकात कोणत्या जागी आहे, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे शोधून कागदावर लिहून ठेवावे.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही सी ड्राइव्हमध्ये असतात. पडद्यावर समोर दिसणारी फाइल सुरक्षित असते असा समज आहे, पण विंडोजही त्याच ड्राइव्हमध्ये असते. सी ड्राइव्ह साफ झाला की डेस्कटॉपही साफ होतो. एका संगणकावर दोन-तीन माणसे काम करीत असतील, तर 'युजर्स' या फोल्डरमध्ये प्रत्येकाचे वेगळे फोल्डर असते. मालकाचे फोल्डर कॉपी केले आणि मुनीमजींचे राहून गेले, असे होऊ शकते.

टॅली वापरणाऱ्यांनी टॅली उघडून डेटाचा मार्ग, म्हणजे 'डेटा पाथ', पाहून घ्यावा. कोणी तो सी ड्राइव्हमध्ये ठेवतो, कोणी डी मध्ये. टॅली बसवून देणाऱ्याने काय केले, हे मालकाला सहसा ठाऊक नसते. त्या फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाची फोल्डर दिसतात. त्यातले प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. बिलिंगची इतर छोटी सॉफ्टवेअरे तर आपला डेटा थेट 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये किंवा लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. अशा वेळी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन करून डेटाची जागा विचारणे हाच सरळ मार्ग आहे.

कारागिरांचे काम आणखी नाजूक आहे. संगणकावर भरतकाम करणाऱ्यांकडे मशीनला द्यायची डीएसटी फाइल पेनड्राइव्हमध्ये असतेच. पण तिच्यात फक्त टाक्यांचा हिशेब असतो. डिझाइन मोठे-लहान करायचे, फूल बदलायचे, तर विल्कॉमसारख्या सॉफ्टवेअरची मूळ ईएमबी फाइल लागते. पेनड्राइव्हवरच्या डीएसटीवर विसंबून मूळ फाइल गमावली, तर ते डिझाइन पुन्हा बसून काढावे लागते. लग्नपत्रिका व उर्दू छपाईचे काम करणाऱ्यांनी इनपेज आणि कोरेल ड्रॉच्या फाइलींबरोबर फॉन्टही जपावेत. वर्षानुवर्षे गोळा केलेले फॉन्ट 'विंडोज' फोल्डरच्या आत असतात आणि विंडोज नवी झाली की ते तिथे राहत नाहीत. मग जुनी पत्रिका उघडली की अक्षरे भलत्याच वळणाची दिसतात, ओळी तुटतात आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवता येत नाही.

ब्राउझरमध्ये साठवलेले जीएसटी, ई-वे बिल आणि बँकेचे पासवर्डही जातात. डिजिटल सहीचे टोकन असेल तर सही त्या टोकनमध्येच राहते, फक्त त्याचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागते.

डी ड्राइव्हचा भरवसा

सी आणि डी ही दोन नावे असली, तरी बहुतेक दुकानांच्या संगणकात डिस्क एकच असते. एका खोलीत लाकडी पडदा लावून दोन भाग करावेत, तसा हा प्रकार आहे. खोलीला आग लागली तर पडदा काय वाचवणार? डिस्क बिघडली तर दोन्ही भाग जातात. विंडोज टाकताना पडद्यावर या भागांची यादी येते. तिथे 'डिलीट' चे बटण चुकीच्या ओळीवर दाबले गेले, तर डी जायला एक क्षण पुरतो. यादीत सी, डी अशी ओळखीची अक्षरेही नसतात. 'पार्टिशन ३', 'पार्टिशन ४' अशी नावे आणि आकार एवढेच दिसते. घाईतला माणूस इथेच फसतो. संगणकात खरोखर दोन वेगळ्या डिस्क असतील, तर विंडोज टाकेपर्यंत दुसरीची केबल काढून ठेवायला सांगावे.

म्हणून एक प्रत संगणकाच्या बाहेर हवी. बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. माल थोडा असेल तर पेनड्राइव्हही चालेल. जुन्या पद्धतीच्या एफएटी ३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल जात नाही, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट. विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा जो पेनड्राइव्ह तयार करतात, तो तयार होताना पूर्ण पुसला जातो. त्याच पेनड्राइव्हमध्ये हिशेब ठेवला असेल तर हिशेब गेला. दोन्ही कामांना दोन वेगळे पेनड्राइव्ह हवेत.

टॅली बंद करून डेटाचे पूर्ण फोल्डर कॉपी करावे. त्याशिवाय टॅलीमधूनच 'बॅकअप' ही घ्यावा. तपासणीसाठी तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये 'रिस्टोअर' करून पाहावा. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये जुना बॅकअप रिस्टोअर केला, तर ताज्या नोंदींवर जुन्या नोंदी चढतात. शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि दोन-चार मोठ्या उधारीच्या बाकी जुळल्या, तरच प्रत खरी मानावी. प्रत घेतली पण उघडून पाहिली नाही, तर ती न घेतल्यासारखीच आहे. टॅलीचा परवाना आधी 'सरेंडर' केला, तर तो नंतर चालू करताना खोळंबा होत नाही.

फॉरमॅटपेक्षा हलके उपाय

दुरुस्तीवाले एकदम फॉरमॅटवर येतात, कारण त्यांना ते सोपे पडते. पण विंडोज चालू होत असेल, तर आधी हलका उपाय करून पाहावा.

सर्वांत हलका उपाय म्हणजे चालू विंडोजवरच विंडोज पुन्हा बसवणे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असे गेल्यावर 'रिइन्स्टॉल नाऊ' चे बटण मिळते. २०२४ पासून ही सोय आली आहे. यात फाइली राहतात, सॉफ्टवेअरे राहतात आणि प्रिंटरची मांडणीही राहते. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टची इन्स्टॉलेशन फाइल चालू विंडोजमध्येच उघडून 'फाइल्स आणि अॅप्स ठेवा' हा पर्याय निवडता येतो. दुकानदारासाठी हाच उपाय पहिला असावा, कारण बारकोड प्रिंटर आणि बिलिंग पुन्हा बसवण्याची कटकट वाचते.

याने भागले नाही, तर 'रिसेट धिस पीसी' आहे. त्यात दोन पर्याय येतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' चा अर्थ नावाप्रमाणेच आहे. 'कीप माय फाइल्स' या नावाने मात्र पुष्कळांची फसगत होते. यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो राहतात, पण बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअरे जातात. प्रोग्रॅम फाइल्सच्या आत डेटा ठेवणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाही आपल्या जागी राहत नाही. काय काय काढले त्याची यादी तेवढी डेस्कटॉपवर मिळते.

तिसरा मार्ग पेनड्राइव्हवरून पूर्ण नवी विंडोज टाकण्याचा. यातही सी ड्राइव्ह फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकली, तर जुना सगळा माल 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये बांधून ठेवला जातो. त्यातून फाइली काढता येतात. पण हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते, तेव्हा काम पहिल्या दिवशीच उरकावे. या मार्गाने जायचे असेल तर लॅन किंवा वायफायचे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावे. नाहीतर नवी विंडोज तयार होते, पण इंटरनेट नसल्याने पुढचे काम अडते.

संगणक चालूच होत नसेल तर

विंडोज चालू होत नाही म्हणजे माल गेला असे नाही. दुकानाचे शटर अडकले तरी माल आतच असतो. उबुंटूसारखी लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, ती संगणकात न बसवता, 'ट्राय' या पर्यायाने चालवता येते. तिच्यातून सी ड्राइव्ह उघडतो आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर घेता येतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडूनही हे होते. दुरुस्तीवाला "आता काहीच निघणार नाही" म्हणाला, तर त्याला आधी हे करून पाहायला सांगावे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइल उघडायला कमालीचा वेळ लागत असेल, तर दोष विंडोजचा नसून डिस्कचा असू शकतो. अशा डिस्कवर विंडोज टाकण्याचा खटाटोप करू नये. जितकी डिस्क चालेल तितका वेळ तिचा लवकर मरण्यात जातो. आधी माल बाहेर काढावा आणि नवी डिस्क घ्यावी. एसएसडी असेल तर जास्तच जपावे, कारण तिच्यावरून पुसलेली फाइल बहुधा परत येत नाही.

नव्या संगणकांत आणखी एक कुलूप असते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. २०२४ च्या विंडोज ११ पासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला, तर अनेक यंत्रांवर हे कुलूप न विचारता लागते. चोराच्या हाती डिस्क लागली तर हे चांगलेच, पण किल्ली हरवली तर मालकही बाहेर राहतो. ही किल्ली ४८ अंकी असते आणि सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अडचण अशी की ते खाते पुष्कळदा दुरुस्तीवाल्याने आपल्या मोबाइल नंबरवर किंवा कुठल्यातरी ईमेलवर काढलेले असते. खाते कोणाच्या नावाचे आहे हे आजच पाहून, किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

वेळेचाही विचार करावा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा जीएसटी विवरणपत्राच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. प्रत घेणे, विंडोज टाकणे, सॉफ्टवेअरे बसवणे आणि तपासणे यात पूर्ण दिवस जातो. शुक्रवारी दुकान बंद ठेवणाऱ्यांना गुरुवारी संध्याकाळी प्रत घेऊन ठेवणे सोयीचे पडेल. तोवर बिले हाताने फाडण्यासाठी छापील बिलबुक ठेवावे.

काम झाल्यावर टॅलीची बाकी, शेवटचे बिल, एखादे जुने डिझाइन आणि एखादी जुनी पत्रिका उघडून पाहावी. सगळे जुळले तरी बाहेरच्या डिस्कवरची प्रत लगेच पुसू नये. काय राहून गेले हे पुष्कळदा पुढचे विवरणपत्र भरताना किंवा जुने गिऱ्हाईक आल्यावरच कळते. तोपर्यंत ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी.