घाट उतरताना इंजिन काय करते?

सहलीहून परतल्यावर वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : गाडी घाट उतरत असताना इंजिनाचे काम काय? बहुतेक मुले म्हणतील, "काहीच नाही, गाडी आपोआप खाली येते." अनेक मोठी माणसेही याच समजुतीने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि पेट्रोल वाचवल्याचे समाधान मानतात. हा समज जिवावर बेतू शकतो. तो चुकीचा का, हे शालेय भौतिकीतूनच उलगडते.

खंडाळ्याहून बोर घाटाने खोपोलीला उतरताना उंची साधारण ५०० मीटरने कमी होते. १९८३ साली आलेली मारुती ८०० ही छोटी गाडी घेऊ. तिचे वजन सुमारे ६५० किलो. चार माणसे व सामान धरून ९०० किलो. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. ९०० × ९.८ × ५०० = सुमारे ४४ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे १५ लिटर पाणी उकळू लागेल!

घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी वेग तोच ठेवला, तर गतिज ऊर्जा वाढत नाही. मग ही सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडायला हवी. काही भाग हवेचा विरोध व टायर घेतात. उरलेला भाग, गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर, चार चाकांच्या ब्रेकवरच येतो. ब्रेक तापले की लायनरची पकड कमी होते. त्याहून मोठा धोका ब्रेक ऑइलचा. ते हवेतील बाष्प शोषते. 'डॉट ३' प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. बाष्प मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळले की नळीत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. म्हणून पेडल खालपर्यंत जाते आणि ब्रेक लागतच नाही. काहीही न तुटता ब्रेक निकामी होतो, तो असा.

आता इंजिनाकडे वळू. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. या वेळी हवा आत येण्याची वाट जवळजवळ बंद असते. वर्गात सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या. तोंड मोकळे ठेवून दट्ट्या ओढा. तो सहज येतो. आता तोंडावर बोट सैल धरून, बारीक फट ठेवून ओढा, जोर लागतो. इंजिनातील दट्ट्यांनाही प्रत्येक वेळी असेच कमी दाबाविरुद्ध हवा ओढावी लागते. त्यात अंतर्गत घर्षणाची भर पडते. हे काम उताराच्या ऊर्जेतून होते आणि गाडीला रोध मिळतो. तयार झालेली उष्णता थंड पाणी व हवा वाहून नेतात. हेच 'इंजिन ब्रेकिंग'.

गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जास्त आणि रोधही जास्त. म्हणूनच जुने चालक सांगतात, 'ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.'

पेट्रोलचे काय? आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत, गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत इंधन बंद केले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते. म्हणजे बचतीचा हिशेबही उलटाच!

या युक्तीलाही मर्यादा आहेत. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा रोध पुढच्या दोन चाकांवरच येतो आणि वळवण्याचे कामही तीच चाके करतात. टायरची पकड दोन्हींत वाटली जाते. ओल्या वळणावर एकदम खालचा गिअर टाकला, तर पकड सुटून गाडी सरळच घसरू शकते. गिअर वळणाआधी बदलावा. शिवाय इंजिनाने वेग कमी होताना मागचे लाल दिवे लागतीलच असे नाही. मागच्याला इशारा म्हणून ब्रेक हलकेच दाबावा.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत 'डी'वर विसंबून वरचा गिअर पडू शकतो. घाटात हाताने गिअर निवडण्याची सोय वापरावी. विजेच्या छोट्या गाड्यांत मोटरच जनित्र बनते आणि उताराची ऊर्जा बॅटरीत परत जाते. ती किती परत घ्यायची याचे कमी-जास्त पर्याय काही गाड्यांत असतात. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ऊर्जा साठवायला जागा नसते आणि हा रोध कमी होतो.

शेवटी मुलांना एक गणित द्यावे : सहलीची भरलेली बस १२ टनांची धरली, तर बोर घाटात किती लिटर पाणी उकळू लागेल? उत्तर सुमारे २०० लिटर येईल. पुढच्या सहलीत चालकाने घाटाच्या माथ्यावर गिअर खाली आणला, की इंजिन का गुरगुरते ते मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.