स्पॅच्युला घेताना आधी सांधा पाहा

केकचं मिश्रण भांड्याच्या कडेने निपटून घ्यायला सिलिकॉनचाच स्पॅच्युला घ्या, आणि तो एकसंध हवा. पातं आणि मूठ वेगळी असली की सांध्यात मिश्रण अडकतं, ओल राहते, बुरशी धरते. पुढे पातंच निसटतं. चांगलं सिलिकॉन साधारण २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, म्हणून गरम कॅरमललाही चालतं. कड लवचीक, पण मधला भाग ताठ असावा, नाहीतर घट्ट बटरक्रीम ढवळताना पातं दुमडतं. सिलिकॉन वास धरून ठेवतं. लसणाच्या फोडणीतला स्पॅच्युला केकला नको. आयसिंग सपाट करायला मात्र स्टीलचा, मुठीजवळ वाकवलेला पॅलेट नाइफ हवा; घरच्या केकला ८ इंची पातं पुरतं. सिलिकॉनच्या काठाला चीर दिसली, की स्पॅच्युला लगेच बदला.