मेंढीची लोकर आणि लेकीच्या बटा

न्यूझीलंडमध्ये हिल्सबरो नावाची वस्ती ऑकलंडमध्येही आहे आणि क्राइस्टचर्चमध्येही. ऑकलंडची हिल्सबरो मनुकाऊच्या पाण्यालगत टेकडीवर वसलेली. शेजारच्या माउंट रॉस्किल, सँडरिंगहॅम भागात खोबरेल तेलापासून कुरमुऱ्यांपर्यंत सगळं मिळतं. इथल्या मराठी घरात कुरळ्या केसांचं मूल असलं की प्रश्न ठरलेले. जावळ काढलं तर केस सरळ आणि दाट येतील का? तेल लावायचं की नाही? आणि दर रविवारी न्हाण्याच्या वेळी घर डोक्यावर घेणाऱ्या पोरीच्या केसांतला गुंता सोडवायचा कसा? भारतातल्या आजीचं मत व्हिडिओ कॉलवर हजर असतंच, "अगं, जावळ नीट काढलं नाहीत, म्हणून असं झालं!"

आजीला द्यायचं उत्तर दुसऱ्या हिल्सबरोच्या जवळ सापडतं. क्राइस्टचर्चच्या नैर्ऋत्येला लिंकन नावाचं गाव आहे. तिथल्या ॲगरिसर्च या (2025 मध्ये इतर संस्थांसोबत विलीन झालेल्या) शेतीसंशोधन संस्थेत मेंढ्यांच्या लोकरीचा कसून अभ्यास चालत असे. मेरिनोच्या लोकरीला बारीक, नियमित पीळ असतो. तो येतो कुठून, यावर बरीच वर्षं दोन मतं होती. केस घडत असताना त्याच्या एका बाजूला जास्त पेशी तयार होतात, हे एक. पेशी दोन्हीकडे सारख्याच, पण एका बाजूच्या जास्त लांब होतात, हे दुसरं. डुएन हारलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जपानच्या काओ कंपनीच्या संशोधकांना सोबत घेऊन, लोकरीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पेशी-पेशीने मोजले आणि 2018 साली निकाल जाहीर केला. पहिलं मत बाद झालं. बाकाच्या बाहेरच्या बाजूला पेशींची गर्दी नव्हती. तिथल्या पेशी आतल्या बाजूच्या पेशींपेक्षा लांब होत्या, एवढंच. कापडाची थोडी लांब पट्टी आखूड पट्टीला शिवली की शिवण वाकते, तसा तो तंतू वळतो.

माणसाच्या केसात या लांब आणि आखूड अशा दोन प्रकारच्या पेशींची विभागणी मेंढीइतकी रेखीव नसते. तरी सरळ केसात त्या साधारण गोलाकार, सम वाटलेल्या दिसतात आणि कुरळ्या केसात एका अंगाला झुकलेल्या. शिवाय कुरळ्या केसाचं मूळच त्वचेखाली वाकडं असतं आणि केसाचा छेद गोल न येता चपटा, लंबगोल येतो. फ्रेंच संशोधकांनी कुरळ्या केसांची मुळं त्वचेतून वेगळी काढून प्रयोगशाळेतल्या द्रवात वाढवली, तर तिथेही केस कुरळाच उगवला. आजूबाजूची त्वचा नाही, डोकं नाही, तेल नाही, शाम्पू नाही, तरीही कुरळा. म्हणजे पीळ मुळातच ठरून येतो.

आता जावळाकडे. वस्तरा त्वचेच्या वर चालतो आणि मूळ काही मिलिमीटर खाली असतं. कापलेल्या केसाची बातमी मुळाला पोचण्याची सोयच नाही, कारण बाहेर आलेला केस ही मृत पेशींची काडी. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्ये पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं, की वस्तऱ्याने केस जाडही होत नाही आणि भरभरही वाढत नाही. मग जावळानंतर केस दाट आल्यासारखे का वाटतात? एक तर निमुळतं टोक गेल्यावर उरलेला बोथट खुंट हाताला जाड लागतो. दुसरं म्हणजे वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत केस आपले आपण बदलतच असतात. जन्मतःचे मऊ केस गळतात, मागचं डोकं गादीला घासून टक्कल पडतं आणि मग पुढची पिढी उगवते, बहुधा जाड, कधी जास्त कुरळी तर कधी कमी. तो बदल जावळ काढलं नसतं तरी झालाच असता. संस्कार म्हणून जावळ काढायला माझी अजिबात हरकत नाही. बाळ गोड दिसतं, मामाच्या मांडीवर बसतं, जेवणावळ होते. फक्त केसांचा हिशेब त्यात धरू नये.

तर पीळ बदलता येत नाही. हाती उरतं ते केसाची काडी तुटू न देणं. कुरळ्या केसाचं दुखणं तिथेच आहे. प्रत्येक वळणावर केसावरचे खवले थोडे उचललेले असतात, शेजारची बट त्यात अडकते आणि गुंता होतो. लहान मुलांच्या टाळूत तेलग्रंथी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत जवळपास झोपलेल्याच असतात. जे थोडं तेल सुटतं, तेही वळणं ओलांडून शेंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून रोज शाम्पू लावणं म्हणजे होतं नव्हतं तेल धुऊन टाकणं. चिखलात लोळून आलेलं पोर सोडलं, तर आठवड्यातून एकदा पुरे.

फणी कधी फिरवायची, हा वादाचा मुद्दा. पाण्याने केसातल्या प्रथिनांमधले हायड्रोजन बंध सुटतात, केस फुगतो, लवचीक होतो आणि ताणला तर सहज तुटतो. त्यामुळे सरळ केस ओले विंचरू नयेत, हे आपल्या आयांचं म्हणणं बरोबर आहे. दाट कुरळ्यांचं मात्र उलटं. कोरडे असताना त्यांचा पीळ घट्ट असतो आणि फणी ओढली की केस तुटतोच. ओल्यावर पीळ सैल पडतो, पण साधं पाणी पुरत नाही, कंडिशनर हवं. झिजलेल्या केसाच्या पृष्ठावर ऋण भार असतो आणि कंडिशनरच्या रेणूंवर धन. ते नेमके झिजलेल्या जागी जाऊन चिकटतात आणि केस एकमेकांवरून सरकू लागतात. रुंद दातांचा कंगवा घ्यायचा. डाव्या मुठीत बट मुळाशी धरायची, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही, आणि शेंड्याकडून चार बोटं, मग आठ बोटं असं वर सरकायचं. मुळापासून सुरुवात केली की सगळ्या गाठी खाली जमून एकच मोठी गाठ होते, आणि रविवारचा आरडाओरडा तिथेच सुरू होतो.

तेलाच्या बाबतीत आजी जिंकते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना-विंचरताना त्यातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने घटलं. कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, आणि आत तेल असलं की पाणी शिरून केस फुगणं कमी होतं. यातून एक गोष्ट निघते. तेल न्हाण्याआधी लावायचं. टाळूवर थापून मुलाला आठवडाभर चिप्प फिरवण्यात विज्ञान नाही.

हवेचाही वाटा असतो. ऑकलंड दमट. क्राइस्टचर्चमध्ये पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि वायव्येचा कोरडा गरम वारा सुटला की सगळं सुकून जातं. जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 मध्ये हवेतली आर्द्रता मोजण्याचं यंत्र चक्क माणसाच्या केसावर बनवलं होतं. कोरड्या हवेतून दमट हवेत केस सुमारे दोन टक्के लांबतो. ऑकलंडमध्ये सकाळी नीट बसवलेल्या बटा शाळा सुटेपर्यंत फुलतात त्या याच कारणाने. दिवसभरात बंध सुटून नव्या जागी जुळतात आणि प्रत्येक केस आपल्या मूळ वळणाला जातो. त्यावर उपाय म्हणून घट्ट वेण्या किंवा ताणून बांधलेली पोनी घालू नये. रोजच्या ओढीने कपाळावरची, कानशिलाजवळची मुळं दुखावतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे केस परत येत नाहीत. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवावेत. आधीच भिजलेला केस क्लोरिनचं पाणी कमी पितो. "केस वाढतच नाहीत" ही तक्रार असेल, तर एक बट हलकेच ओढून पाहा. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ होतच असते, ती पिळात लपते.

राहिल्या उवा. न्यूझीलंडच्या बालवाडीतून "कुटू" आल्याची चिठ्ठी कधी ना कधी घरी येतेच. उवांना तिथे माओरी भाषेतला हाच शब्द चालतो. औषधाच्या आधी किंवा सोबत, भरपूर कंडिशनर लावून बारीक फणीने विंचरायचा सल्ला तिथे सर्रास दिला जातो. कंडिशनरमध्ये ऊ काही वेळ गारठल्यासारखी थांबते, तिला पळता येत नाही. आधी रुंद कंगव्याने गुंता काढायचा, मग मुळापासून शेंड्यापर्यंत फणी, आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसून पाहायची. लिखा मागे राहतात आणि आठवड्याभराने फुटतात, म्हणून हे दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे करावं लागतं.