दोर, दोरी आणि नाडी

मराठीचा धडा वाचताना वर्गात कधी कधी भलत्याच ठिकाणी हशा पिकतो. विहिरीच्या मोटेचे वर्णन चालू असते. ‘बैलांनी नाडा ओढला आणि मोट वर आली’ असे वाक्य येते आणि मागच्या बाकावर हसू फुटते. हसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पायजमा उभा राहिलेला असतो! चूक त्यांची नाही. उर्दूत नाडा म्हणजे इजारबंद. मराठीत मात्र नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर. पंप येण्यापूर्वी शेतकरी चामड्याच्या मोटेने पाणी काढत. तिला दोन दोर असत. मोटेचे ओझे पेलणारा तो नाडा आणि तिची सोंड धरून ठेवणारा बारीक दोर तो सोंदूर. पायजम्याला असते ती नाडी. आपल्या नागपूरकडे बोलताना पायजम्याचा नाडाही ऐकू येतो, पण पुस्तकात तुम्हांला बहुधा नाडीच भेटेल.

ही नाडी आणखी एका ठिकाणी भेटते. हकीमसाहेब नब्ज पाहतात, वैद्य नाडी पाहतात. तेव्हा ‘डॉक्टरांनी रोग्याची नाडी धरली’ या वाक्याला हसू नका. बुटाला असते तीही नाडीच. तिला उर्दूत आपण तस्मा म्हणतो. कोणी फीताही म्हणतात. पण मराठीत फीत म्हटली की केसांची रिबीन किंवा उद्घाटनाच्या वेळी कापतात ती पट्टी डोळ्यांपुढे येते. गंमत अशी, की फीत आणि फीता हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले आहेत.

नाड्याइतकाच फसवा शब्द ‘दोर’. उर्दूतली डोर नाजूक असते. पतंगाची डोर आपण म्हणतो. मराठीतला दोर जाडजूड असतो आणि तो पुल्लिंगी आहे : तो दोर. त्याहून बारीक ती दोरी आणि सर्वांत बारीक तो दोरा, म्हणजे धागा. पतंगाच्या डोरीला मराठीत मांजा म्हणतात. (नायलॉनचा मांजा मात्र कोणत्याही भाषेत घेऊ नका. त्याने माणसांचे आणि पाखरांचे गळे कापले जातात म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली.)

तुम्ही म्हणाल, एवढे शब्द कशाला? सरळ ‘रस्सी’ म्हटले तर काय बिघडते? पोळ्याच्या आधी रामटेकच्या बाजारात जा, म्हणजे कळेल. बैलाच्या नाकात घालतात ती वेसण. उर्दूत तिला नकेल म्हणतात. गाडी हाकताना शेतकऱ्याच्या हातात असतो तो कासरा. गोठ्यात गुराला बांधतात ते दावे. तुम्ही नुसती दोरी मागितली, तर दुकानदार आधी विचारील, ‘कशासाठी पाहिजे?’ मराठीत दोरीचे नाव बहुतेक वेळा तिच्या कामावरून ठरते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढत नेतात, त्याला मात्र साधी दोरीच पुरते. पोती शिवायची ती सुतळी. कपडे वाळत घालायची ती वलण, आपली अलगनी.

सगळ्या भाषा अशी वाटणी करीत नाहीत. युरोपात डेन्मार्क नावाचा छोटा देश आहे. तेथील डॅनिश भाषेत ‘स्नोर’ हा एकच शब्द पुडक्याच्या दोरीला, कपड्यांच्या वलणीला आणि कुत्र्याला फिरवायला नेताना गळ्यात अडकवतात त्या दोरीलाही चालतो. त्याच घराण्यातला ‘स्न्योरे’ हा शब्द बुटाची नाडी बांधणे या क्रियेसाठी येतो आणि मासे धरण्याच्या गळाच्या दोरीसाठीही येतो. डॅनिश गोष्टीचे मराठीत भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी पाहावे लागते की दोरीने कोणाला बांधले आहे. तुम्हीही उर्दूतून मराठीत लिहिताना तेच पाहा.

वाक्प्रचारांत तर शब्दाला शब्द ठेवून भागतच नाही. ‘रस्सी जल गई, बल नहीं गया’ याला मराठीत ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ म्हणतात. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. येथे दोन्ही भाषा शेजारी शेजारी चालल्या. पण ‘मुल्क की बागडोर सँभाली’ याचे मराठी ‘देशाची सूत्रे हाती घेतली’ असे होते. बागडोर घोड्याची, सूत्र म्हणजे सूत. घोडा नाहीसा झाला! ‘कश्तियाँ जला देना’ याचे भाषांतर तर मला फार आवडते. ७११ साली स्पेनच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तारिक बिन जियाद यांनी आपली गलबते जाळली, अशी कथा आहे. इकडे १६७० साली कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले आणि मावळे मागे फिरू लागले. तेव्हा त्यांचे बंधू सूर्याजी यांनी गड उतरायचे दोर कापून टाकले, असे सांगतात. म्हणून मराठीत ‘परतीचे दोर कापणे’. तिकडे समुद्र, इकडे कडा. परीक्षेत ‘नावा जाळल्या’ असे लिहिले तर अर्थ कळेल, पण ते मराठी वाटणार नाही.

आणखी एक शब्द सांगतो. लांबच लांब दोराला चऱ्हाट म्हणतात आणि न संपणाऱ्या बोलण्यालाही. तुम्ही मनात काय म्हणत आहात ते मी ओळखले! तेव्हा आता एवढेच करा. घरी बाज असेल तर तिच्या पायथ्याकडची, ताण देणारी दोरी पाहा. तिला उर्दूत अदवाइन म्हणतात. शेजारच्या एखाद्या मराठी आजींना त्यांच्या बोलीत तिला काय म्हणतात ते विचारा आणि तो शब्द वहीत लिहून आणा.