पाळी गेल्यानंतरचा डाग

"डॉक्टर, या वयात परत पाळी आली बघा!" असे हसत म्हणत सदुसष्ट वर्षांच्या एक आजी दवाखान्यात आल्या. पाळी जाऊन सोळा वर्षे झालेली. दोनदा जरासा डाग, एवढेच. मी सोनोग्राफी करवली. गर्भाशयाचे अस्तर अवघे 4 मिलिमीटर. अस्तर पातळ म्हणजे काळजी नाही, हे आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पक्के बसलेले. धीर देऊन त्यांना घरी पाठवले. तिथेच मी चुकलो.

दीड महिन्याने पुन्हा रक्त गेले. या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला. अहवाल आला: सीरस कार्सिनोमा.

गर्भाशयाच्या अस्तराचा नेहमीचा कर्करोग बहुधा लठ्ठ स्त्रियांत, इस्ट्रोजेनच्या अतिरेकाने होतो. अस्तर जाड होते, सोनोग्राफीत दिसते. सीरसचे तसे नाही. तो वयस्क स्त्रीच्या सुकलेल्या अस्तरात किंवा एखाद्या लहानशा पॉलिपमध्येही उगवतो. शंभरात साधारण दहाच रुग्ण याचे. पण अस्तराच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास 40 टक्के याच्या वाट्याला येतात. कारण स्नायूत खोल न शिरताच याच्या पेशी बीजनलिकांतून पोटात उतरतात आणि आतड्यांवरील चरबीच्या पडद्यावर ठाण मांडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके मोठी, वेडीवाकडी दिसतात. शंका असली तर पॅथॉलॉजिस्ट पी-53 ची चाचणी करतात. पेशींना लगाम घालणारे हे जनुक बिघडले की बहुतेक सगळ्या पेशी गडद रंगतात, नाहीतर एकही रंगत नाही. दोन्ही वाईटच. 2023 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर हा रोग नुसत्या पॉलिपपुरता असला तरी त्याला वेगळा टप्पा दिला आहे.

तेव्हा भगिनींनो, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एकही डाग अंगावर काढू नका. दर वेळी कर्करोगच निघतो असे नाही, बहुतेकींना साधेच कारण असते. पण पॅप तपासणी चांगली आली म्हणून गप्प बसू नका, आणि सोनोग्राफीत अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा गेले, तर "तुकडा तपासायचा का?" असे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लाज कसली?

आजींची शस्त्रक्रिया झाली. चरबीच्या पडद्यावर रोगाचे कण सापडले. सध्या केमोथेरपी चालू आहे. परवा सुनेने विचारले, "डॉक्टर, पहिल्याच वेळी तुकडा काढला असता तर?" मी म्हणालो, "रोग तेव्हाही असणारच. पण दीड महिना वाचला असता." आजी मात्र पुढच्या सलाईनची तारीख विचारत होत्या.